न वितळवता जोडलेले टायटॅनियम

आमच्याकडे आलेले काम वरकरणी साधे होते. टायटॅनियमच्या मिश्रधातूचे दीड मिलिमीटर जाडीचे पत्रे, प्रत्येकाच्या एका बाजूवर आम्लाने कोरलेल्या बारीक पन्हळी, आणि असे अनेक पत्रे एकावर एक रचून त्यांचा एकच ठोकळा करायचा. ठोकळ्याच्या आतून दोन वेगवेगळे द्रव आपापल्या पन्हळींमधून वाहणार आणि एकमेकांत न मिसळता एकमेकांना उष्णता देणार. उष्णता-विनिमयकाची ही रचना नवी नाही, तिच्यातली खरी अडचण जोडणीची आहे. आतल्या पन्हळींच्या मधल्या भिंती बाहेरून दिसतही नाहीत, त्यामुळे वेल्डिंगची टॉर्च तिथे पोहोचण्याचा प्रश्नच येत नाही. ब्रेझिंग करावे, म्हणजे कमी तापमानाला वितळणारा दुसरा धातू मध्ये घालावा, तर तो वितळून पन्हळींत उतरतो आणि काही मार्ग बुजवतो. शिवाय त्या परक्या धातूची गंजरोधकता टायटॅनियमइतकी नसते. उरतो तो डिफ्यूजन बाँडिंगचा मार्ग. त्यात काहीही वितळवायचे नसते, केवळ उष्णता आणि दाब देऊन दोन पृष्ठभागांमधले अणू एकमेकांच्या हद्दीत जाऊ द्यायचे असतात.

घन धातूतले अणू जागचे हलतात, ही गोष्ट मोजून दाखवल्याला आता सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. विल्यम चँडलर रॉबर्ट्स-ऑस्टिन यांनी 1896 मध्ये, शिसे वितळण्याच्या बऱ्याच खालच्या तापमानालाही त्यात सोने किती वेगाने पसरते, याची मोजमापे प्रसिद्ध केली. निर्वातात तापवून आणि दाबून धातू जोडण्याची पद्धत म्हणून या घटनेला रूप देण्याचे श्रेय सोव्हिएत अभियंता कझाकोव्ह यांना दिले जाते, आणि तो काळ 1953 च्या सुमाराचा. तत्त्व सांगायला फार सोपे आहे. धातूचे दोन पृष्ठभाग अगदी स्वच्छ आणि अगदी सपाट असते, तर ते एकमेकांना टेकताच जोडले गेले असते, कारण आपण मुळात या तुकड्याचे की त्या तुकड्याचे, याच्याशी अणूला काही देणेघेणे नसते. शेजारी आवश्यक तेवढ्या अंतरावर दुसरा धातूचा अणू आला की बंध तयार होतो. प्रत्यक्षात पृष्ठभाग सपाट नसतात आणि स्वच्छही नसतात. उष्णता, दाब, निर्वात आणि वेळ हा सगळा खटाटोप या दोन उणिवा भरून काढण्यासाठी असतो. वाचताना हे वाक्य मला प्रास्ताविकातले एक वाक्य वाटले होते. काम करताना मात्र भट्टीपाशी जितका वेळ जातो त्याच्या कित्येक पट वेळ भट्टीच्या आधीच्या टेबलावर जातो, आणि जोडणीचे भवितव्यही बहुतांशी तिथेच ठरते.

थेट पत्र्यांना हात न लावता आम्ही आधी जाड नमुन्यांवर काम केले. 40 मिलिमीटर बाजूचे, 20 मिलिमीटर जाडीचे चौकोनी ठोकळे आणि त्यांची एक बाजू लॅपिंग केलेली. लॅपिंग म्हणजे ओतीव लोखंडाच्या सपाट थाळीवर तेलात कालवलेली बारीक घर्षणपूड पसरून त्यावर ठोकळा फिरवत राहणे. हाताने करायचे तर मनगट एका बाजूला झुकते आणि ठोकळ्याच्या कडा गोल होतात, म्हणून यंत्रावर वजन ठेवून तो फिरू द्यावा लागतो. गुळगुळीतपणा आणि सपाटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे डोळ्यांना दिसते. आरशासारखा चकाकणारा पृष्ठभाग मधोमध फुगलेला असू शकतो, आणि तसा पृष्ठभाग या कामाला मंद पण सपाट पृष्ठभागापेक्षा वाईट. बारीक खरखरीतपणाचे उंचवटे तापमान आणि दाबाखाली चेपले जातात. पण कित्येक मिलिमीटरभर पसरलेला फुगवटा चेपण्याइतका दाब दिला, तर ठोकळ्याचा आकारच बदलून जातो.

सपाटपणा तपासण्याची रीत मला या सगळ्या कामातली सर्वांत देखणी वाटते. काचेची एक अत्यंत सपाट जाड चकती लॅपिंग केलेल्या बाजूवर अलगद ठेवायची आणि वरून सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश टाकायचा. चकती आणि धातू यांच्यामधल्या हवेच्या पातळ फटीमुळे काळ्या-पिवळ्या पट्ट्या उमटतात. पट्ट्या सरळ आणि समांतर असतील तर पृष्ठभाग सपाट. त्या कमानीसारख्या वाकल्या असतील तर जितक्या पट्ट्यांइतकी कमान, तितका बाक. लगतच्या दोन काळ्या पट्ट्यांमधला फरक प्रकाशाच्या निम्म्या तरंगलांबीइतका, म्हणजे सोडियमच्या बाबतीत सुमारे 0.3 मायक्रोमीटर असतो. केसाच्या जाडीशी तुलना केली तर ही लांबी नगण्य वाटते. पण टायटॅनियमचा एक अणू साधारण 0.3 नॅनोमीटर रुंद असतो, म्हणजे पट्टीला पट्टी लागली तरी मध्ये हजारभर अणू मावतील एवढी फट शिल्लक राहते. यंत्रशाळेच्या हिशेबात उत्तम ठरलेला सपाटपणा अणूच्या हिशेबात दरीच असतो, आणि ही दरी ओलांडण्याचे काम पुढे भट्टीला करायचे असते.

लॅपिंगनंतर स्वच्छता. आधी अल्ट्रासॉनिक टाकीत साबणाच्या द्रावणाने तेल आणि घर्षणपूड काढायची, मग ॲसिटोन, मग शुद्ध पाणी, आणि शेवटी हायड्रोफ्लोरिक व नायट्रिक आम्लांच्या मिश्रणात थोडा वेळ बुडवणे. या मिश्रणात नायट्रिक आम्ल हायड्रोफ्लोरिकच्या साधारण दसपट ठेवतात. ते कमी पडले तर आम्लाच्या क्रियेत सुटणारा हायड्रोजन टायटॅनियममध्ये शिरतो आणि धातू ठिसूळ होतो. हायड्रोफ्लोरिक आम्लाबद्दल एक गोष्ट जाता जाता सांगितलीच पाहिजे. त्याचे सौम्य द्रावण कातडीवर पडले तर लगेच आग होत नाही. ते निमूटपणे आत उतरते आणि शरीरातल्या कॅल्शियमशी संयोग पावते, त्यामुळे वेदना सुरू होईपर्यंत नुकसान बरेच झालेले असते. कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी असल्याशिवाय आमच्याकडे त्या बाटलीचे झाकण उघडले जात नसे, आणि हा नियम शिथिल करण्याचे कारण मला कधीही सापडलेले नाही.

आम्लातून काढलेला टायटॅनियमचा तुकडा पाण्याने धुऊन कोरडा केला, की त्यावर लगेच नवा ऑक्साइड चढतो. तो जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा असतो आणि तो टाळता येत नाही. मग आधीचा काढून उपयोग काय, हा प्रश्न मी तेव्हा विचारला होता. उत्तर असे की जुना ऑक्साइड जाड, असमान आणि घाण धरून बसलेला असतो. नवा थर पातळ आणि सारखा असतो, आणि त्याची विल्हेवाट टायटॅनियम स्वतः लावतो. टायटॅनियम सुमारे 700 अंश सेल्सियसच्या वर गेला की पृष्ठभागावरचा ऑक्साइड विरघळू लागतो आणि त्यातला ऑक्सिजन धातूच्या आत पसरत जातो. टायटॅनियममध्ये ऑक्सिजनची विद्राव्यता वजनाने 14 टक्क्यांच्या घरात जाऊ शकते, तिथे काही नॅनोमीटरच्या थरातला ऑक्सिजन म्हणजे काहीच नाही. बाहेरून नवा ऑक्सिजन येऊ दिला नाही, तर तापलेले दोन पृष्ठभाग खऱ्या अर्थाने उघडे होतात. ॲल्युमिनियमच्या बाबतीत ही सोय नाही. त्याचा ऑक्साइडही तितकाच पातळ असतो, पण तो धातूत विरघळत नाही आणि धातूच्या 660 अंशांच्या द्रवणांकाला त्याच्यावर काही परिणामही होत नाही. त्यामुळे ॲल्युमिनियम जोडताना तो थर यांत्रिक रीतीने फोडावा लागतो किंवा मध्ये दुसरा धातू घालावा लागतो. टायटॅनियम या पद्धतीसाठी जणू मुद्दाम घडवला आहे असे जे जाणकार म्हणतात, ते या एका गुणामुळे.

स्वच्छ केलेले दोन ठोकळे हातमोजे घालून समोरासमोर ठेवले आणि ती जोडी भट्टीत मांडली. आमची भट्टी म्हणजे पाण्याने थंड ठेवलेली पोलादी टाकी; आत मॉलिब्डेनमचे तापक, त्यांच्याभोवती उष्णता परतवणारे मॉलिब्डेनमचेच पातळ पडदे, आणि वरून खाली येणारा एक दांडा, ज्याला सगळे रॅम म्हणतात. दाबणाऱ्या तबकड्या ग्रॅफाइटच्या होत्या. तापलेल्या टायटॅनियमला कार्बनही चालतो, तोही तो ओढून घेतो, म्हणून तबकडी आणि ठोकळा यांच्यामध्ये बोरॉन नायट्राइडचा पांढरा लेप द्यावा लागतो. लेप देताना तो जोडायच्या बाजूवर उडता कामा नये, कारण चिकटू न देणे हाच त्याचा गुण आहे. विमानाच्या इंजिनातली टायटॅनियमची पोकळ पाती करताना हाच गुण उपयोगी पडतो: पत्र्यांच्या मध्ये ठरावीक जागी यिट्रियम ऑक्साइडसारखे न चिकटू देणारे द्रव्य छापतात, बाकीची जागा जोडून घेतात, आणि मग आत वायू भरून न जोडलेला भाग तापलेल्या अवस्थेत फुगवतात. आमच्या कामात अशी कलाकुसर नव्हती. भट्टीच्या कोपऱ्यात टायटॅनियमची थोडी कातळी ठेवली होती. आत राहिलेला ऑक्सिजन नमुन्याआधी तिने खावा, एवढाच हेतू.

पंप सुरू केल्यावर दाब आधी भराभर उतरतो आणि मग रेंगाळतो. आम्हाला वातावरणाच्या सुमारे दहा कोटीव्या हिश्शाइतका दाब हवा होता. थंड असताना तो मिळाला, तरी तापवायला सुरुवात केली की भिंतींना, पडद्यांना आणि लेपाला चिकटलेली पाण्याची वाफ सुटू लागते आणि गेजचा आकडा दसपट वर चढतो. अशा वेळी तापमान आहे तिथेच थोपवून धरायचे आणि आकडा खाली येण्याची वाट पाहायची, ही शिस्त मी आमच्या ज्येष्ठ तंत्रज्ञांकडून शिकलो. त्यांचे म्हणणे असे, की सातशे अंशांच्या खाली कितीही वेळ घालवा, धातूचे काही बिघडत नाही. पण वाफ सुटत असताना सातशेच्या वर गेलात, तर ऑक्साइड आत विरघळण्याऐवजी बाहेरून नवा ऑक्सिजन शिरत राहतो. कडांना हे नंतर दिसतेही: ऑक्सिजनने भरलेला, कठीण आणि ठिसूळ असा एक पातळ थर तयार होतो.

आम्ही 920 अंश सेल्सियस तापमान निवडले होते. धातूंच्या या जोडणीसाठी केल्विनमध्ये मोजलेल्या द्रवणांकाच्या 0.5 ते 0.8 पट तापमान घेण्याचा प्रघात आहे. शुद्ध टायटॅनियम 1668 अंशांना, म्हणजे 1941 केल्विनला वितळतो, आणि 920 अंश म्हणजे 1193 केल्विन. गुणोत्तर साधारण 0.6 येते. आमच्या मिश्रधातूत 6 टक्के ॲल्युमिनियम आणि 4 टक्के व्हॅनेडियम होते. त्याची अंतर्गत रचना 995 अंशांच्या आसपास पूर्णपणे बदलते आणि त्यापलीकडे स्फटिककण, म्हणजे धातू ज्या बारीक स्फटिकांचा बनलेला असतो ते, झपाट्याने वाढतात, म्हणून वरची मर्यादा तिथे आपोआप पडते. खालची मर्यादा वेळ ठरवतो. विसरणाचा, म्हणजे अणू पसरण्याचा, वेग तापमानावर घातांकी रीतीने अवलंबून असतो. 920 ऐवजी 870 घेतले, तर तो वेग निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येऊ शकतो.

दाब 3 मेगापास्कल. ऐकायला तो मोठा वाटतो, पण 40 मिलिमीटरच्या चौरसावर तो जवळपास अर्ध्या टनाच्या वजनाइतकाच भरतो, आणि हा मिश्रधातू सामान्य तापमानाला याच्या शेकडोपट ताण सहन करतो. इतका कमी दाब पुरतो, कारण 920 अंशांना बारीक कणांचा हा धातू मऊ झालेला असतो आणि अल्प ताणाखालीही संथपणे वाहतो. दोन कंगवे दातांनी एकमेकांवर टेकवावेत तसे दोन्ही पृष्ठभाग सुरुवातीला फक्त उंचवट्यांच्या टोकांवर टेकलेले असतात. प्रत्यक्ष स्पर्शाचे क्षेत्र फारच थोडे, त्यामुळे तिथला खरा दाब नाममात्र दाबाच्या कित्येक पट. टोके चेपतात, स्पर्शाचे क्षेत्र वाढते, आणि ते वाढले की दाब आपोआप वाटला जाऊन चेपणे मंदावते.

दोन तास हे तापमान आणि हा दाब धरून ठेवला होता. त्या काळात बाहेरून करण्यासारखे काहीच नसते. पाहण्यासारखा एकच आकडा असतो, तो रॅमच्या सरकण्याचा. तापताना सगळे प्रसरण पावत असल्याने रॅम वर ढकलला जातो. ठरलेल्या तापमानाला पोहोचून ते सगळीकडे सारखे झाले की आकडा थबकतो, आणि मग मायक्रोमीटरमागून मायक्रोमीटर खाली उतरू लागतो. जोडणी होताना दिसते आहे असे त्या वेळी वाटते, पण तसे नसते. उतरणाऱ्या आकड्यातला बहुतेक भाग ठोकळ्यांच्या अंगच्या संथ प्रवाहाचा असतो, आणि पृष्ठभागावरचे उंचवटे इतके छोटे की त्यांचा हिस्सा त्यात वेगळा ओळखू येत नाही. आकड्याचा खरा उपयोग वेगळा आहे. तो ठरल्यापेक्षा जलद उतरू लागला, तर तापमान किंवा दाब जास्त आहे आणि वस्तूचा आकार बिघडतो आहे, हे त्यावरून लगेच कळते.

आत काय चालले होते ते नंतर, वेगवेगळ्या वेळी थांबवलेले नमुने कापून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. कापलेला तुकडा राळेत बसवायचा, वाळूकागदापासून सुरुवात करून आरशासारखा घासायचा, आणि हायड्रोफ्लोरिक व नायट्रिक आम्लांच्या अतिसौम्य द्रावणाने क्षणभर कोरायचा, म्हणजे कणांच्या सीमा उठून दिसतात. लवकर थांबवलेल्या नमुन्यात जोडाच्या जागी सरळ रेषेत काळ्या ठिपक्यांची ओळ होती. मोठ्या भिंगाखाली प्रत्येक ठिपका वेगळा दिसला: काही लांबट आणि दोन्ही टोकांना निमुळते, काही गोल. लांबट पोकळ्या म्हणजे चेपता चेपता उरलेल्या फटी. पुढे दाबाचे काम जवळजवळ संपते आणि अणूंचे सुरू होते. पृष्ठभागावरून आणि कणांच्या सीमांवरून अणू पोकळीच्या टोकांकडे सरकतात, टोके बोथट होतात, पोकळी गोल होते, आक्रसते आणि मिटते. कणसीमा हा अणूंचा सर्वांत जलद मार्ग, म्हणून सीमेला लागून असलेल्या पोकळ्या आधी भरतात. कणाच्या पोटात अडकलेली पोकळी मात्र फार चिवट. ती भरायला अणूंना स्फटिकाच्या अंगातून वाट काढावी लागते, आणि ती वाट मंद असते.

त्यापुढचा नमुना मला अधिक बोलका वाटला. त्यात पोकळ्या जवळपास नव्हत्या, तरी रेषा दिसत होती. दोन्ही बाजूंचे कण त्या रेषेशी येऊन थांबले होते. कणांची सीमा आणि जुन्या पृष्ठभागाची जागा एकच होती, पट्टीने आखल्यासारखी. धातू सलग झाला होता, पण जोड अजून ओळखू येत होता. पूर्ण वेळ ठेवलेल्या नमुन्यात हीच सीमा नागमोडी झाली होती: इकडचा एक कण तिकडे घुसला होता, तिकडचा इकडे, आणि शेजारच्या भागाशी तुलना करून पाहिले तरी मूळ पृष्ठभाग कुठे होते, ते बोट ठेवून सांगता येईना. ओढून तोडण्याच्या चाचणीत रेषा दिसणारा आणि रेषा न दिसणारा, दोन्ही नमुने मूळ धातूइतक्याच ताणाला टिकले. फरक आघाताच्या चाचणीत पडला. खाच पाडून हातोड्याने तोडल्यावर रेषेचा नमुना बराच कमी ऊर्जा घेऊन, जोडाच्या बाजूने सपाट तुटला. म्हणून जोडणीची ताकद सांगताना नुसता ताणाचा आकडा दिला जातो, तेव्हा मला तो अपुरा वाटतो. पोकळ्या आणि सरळ सीमा ताणाच्या चाचणीत सहज लपतात आणि आघात किंवा थकवा (वारंवार पडणारा ताण) आला की उघड्या पडतात.

मग पत्र्यांची पाळी. जाड ठोकळ्यांवर बसवलेली मापे इथे जशीच्या तशी लागू होत नाहीत, आणि त्याचे कारण पन्हळींच्या भूमितीत आहे. पृष्ठभागाचा निम्मा भाग पन्हळींनी व्यापला असेल, तर उरलेल्या कण्यांवर, म्हणजे पन्हळींमधल्या उभ्या भिंतींवर, प्रत्यक्ष दाब दुप्पट पडतो; रॅमवर 3 मेगापास्कल लावले तर कण्यांना 6 मिळतात, आणि कणे खचून पन्हळी उथळ होतात. दुसरी अडचण याच्या उलट आहे. एका पत्र्याच्या पन्हळी आडव्या आणि पुढच्याच्या उभ्या असतील, तर ज्या जागी कण्याखाली कणा येतो तिथूनच दाब खाली उतरतो. कण्याखाली पन्हळ आली, की तिथे पातळ पत्रा पुलासारखा अधांतरी राहतो आणि त्याच्या दुसऱ्या बाजूच्या जोडावर दाब फारच कमी पोहोचतो. म्हणजे एकाच थरात काही जागी दाब जादा आणि काही जागी अपुरा. आम्ही रॅमचा दाब कमी केला, वेळ वाढवला, आणि ज्यांनी रचना केली होती त्यांना कणे थोडे रुंद आणि पन्हळींमधला तळ थोडा जाड करायला लावले. माझ्या मते अशा कामात भट्टी चालवणाऱ्याने आराखडा काढणाऱ्याच्या शेजारी बसायला हवे; पत्रे कोरून झाल्यावर भट्टीत करता येण्यासारख्या दुरुस्त्या फार थोड्या उरतात.

पत्र्यांच्या जाडीतला फरकही गठ्ठ्यात साचत जातो. प्रत्येक पत्रा एका कडेला काही मायक्रोमीटर जाड असेल आणि सगळे पत्रे एकाच दिशेने रचले, तर गठ्ठ्याची एक बाजू स्पष्टपणे उंच होते आणि सगळा दाब तिथे जातो. प्रत्येक पत्रा चारही कोपऱ्यांवर मोजून, जाड कड आलटून पालटून येईल असे रचण्याचे काम कंटाळवाणे होते. भट्टीतल्या कोणत्याही हुशारीपेक्षा त्याचा फायदा अधिक झाला.

ठोकळा तयार झाला तरी एक जोडणी उरली होती. त्याला स्टेनलेस स्टीलच्या नळ्या लावायच्या होत्या, आणि टायटॅनियम व लोखंड यांचे एकमेकांशी पटत नाही. दोन्ही थेट टेकवून तापवले तर अणू उत्साहाने मिसळतात, पण मिसळून जे तयार होते ते लोखंड आणि टायटॅनियम यांचे ठरावीक प्रमाणातले संयुग असते, आणि ते काचेसारखे फुटते. टायटॅनियमला टायटॅनियम जोडताना वेळ आपल्या बाजूला असतो. इथे तोच वेळ उलटतो, कारण ठिसूळ थर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत राहतो. चौपट वेळ ठेवला तर थर दुप्पट जाड. शिवाय थंड होताना स्टेनलेस स्टील टायटॅनियमच्या सुमारे दुप्पट आक्रसते. 850 अंशांपासून खाली येताना 50 मिलिमीटर लांबीमागे साधारण एक तृतीयांश मिलिमीटरचा फरक पडतो, आणि हा सगळा ताण त्याच ठिसूळ थरावर येतो. थेट जोडलेले आमचे काही नमुने भट्टीतून बाहेर येतानाच सुटलेले होते. तुटलेला पृष्ठभाग राखाडी, सपाट आणि चमकदार, त्यावर कुठेही धातू ओढला गेल्याची खूण नाही.

उपाय म्हणून मध्ये निकेलची पातळ फित घातली. निकेल आणि लोखंड यांच्यात अशा जोडणीत ठिसूळ संयुग होत नाही, त्यामुळे स्टीलची बाजू निर्धास्त होते. टायटॅनियमच्या बाजूला संयुगे होतातच. सूक्ष्मदर्शकाखाली तीन वेगवेगळ्या छटांचे थर ओळीने दिसतात, टायटॅनियमकडचा टायटॅनियमने समृद्ध, मधला समप्रमाणाचा, निकेलकडचा निकेलने समृद्ध. पण ही संयुगे लोखंडाच्या संयुगांइतकी नाजूक नसतात, आणि निकेल मऊ असल्यामुळे आक्रसण्यातला फरक थोडाफार स्वतः झेलतो. तापमान मात्र जपावे लागते. टायटॅनियम आणि निकेल यांचे एक मिश्रण 942 अंशांना वितळते. त्याच्या वर गेलो तर दोन्ही धातू आपापल्या द्रवणांकाच्या कितीतरी खाली असूनही सांध्यात द्रव तयार होतो आणि रॅम तो बाहेर ढकलतो. आम्ही 850 अंशांवर, पहिल्या जोडणीच्या निम्म्याहूनही कमी वेळ ठेवले आणि तिथून अगदी सावकाश थंड केले. हे जोड टायटॅनियमइतके बळकट नव्हते आणि तुटले ते टायटॅनियम व निकेल यांच्यामधल्या थरातच, पण नळीवर येणाऱ्या ताणाच्या मानाने ते पुरेसे होते. वेळ आणखी वाढवून पाहिल्यावर ताकद घसरली, हे अपेक्षेप्रमाणेच झाले.

तयार ठोकळा न कापता तपासण्याचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला आहे, असे मी म्हणणार नाही. पाण्यात बुडवून ध्वनितरंगांनी तपासले तर उघडी फट लगेच सापडते, कारण हवेच्या अतिशय पातळ थरावरूनही जवळपास सगळा ध्वनी परत येतो. हेलियम भरून गळती पाहिली तर एका मार्गातून दुसऱ्यात जाणारे छिद्रही सापडते. दोन्ही चाचण्यांना न सापडणारा दोष असा, की पृष्ठभाग एकमेकांना घट्ट टेकलेले आहेत, ध्वनी आरपार जातो, वायू अडतो, पण कण सीमा ओलांडून गेलेलेच नाहीत. म्हणून प्रत्येक गठ्ठ्यासोबत आम्ही त्याच पत्र्यांतून काढलेला, त्याच आम्लात धुतलेला आणि त्याच रॅमखाली ठेवलेला एक छोटा साक्षी-नमुना भट्टीत घालतो. गठ्ठा बाहेर आला की आधी तो नमुना कापला जातो, त्यावर खाच पाडून आघाताची चाचणी होते आणि उरलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली जातो. सीमा सरळ दिसली, तर ठोकळा कितीही देखणा असला तरी तो पुढे पाठवला जात नाही. त्याच तापमानाला आणि दाबाला तो पुन्हा ठेवायचा की बाद करायचा, हे पन्हळींची खोली आधी किती घटली आहे ते मोजून ठरते.